चार सूत आणि बारा मिलिमीटर

देगलूरजवळच्या एका गावातील शाळेच्या आवारात हापसा आहे. गावात नळयोजना झालेली आहे, पण पाणी येते तेव्हा येते. त्यामुळे मधल्या सुट्टीत मुले हापशावर असतात आणि सकाळ-संध्याकाळ शेजारच्या वस्तीतल्या बायका तिथेच घागरी भरतात. एका उन्हाळ्याच्या तोंडी या हापशाचा दांडा एकाएकी हलका झाला. दांडा वरखाली करायला काहीच जोर लागेना आणि पाणीही येईना. पंपाच्या आत खोलवर गेलेल्या सळयांपैकी एकीचा जोड तुटला होता.

या शाळेत आमचे जाणे-येणे असल्याने दुरुस्तीच्या खटपटीत आम्हीही होतो. सळया वर काढल्यावर दिसले, की एका सळईच्या टोकाचा षट्‍कोनी कपलर, म्हणजे दोन सळया जोडणारा लांब नट, गंजून तुटला आहे. बाकी सळई चांगली होती. ती घेऊन आम्ही गावातल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. मिस्त्रींनी खराब टोक कापले, डाय लावून नवे आटे पाडले आणि त्यावर एक लांब नट चढवून दिला. नट छान बसला. पंपाजवळ येऊन त्याच नटात खालची सळई फिरवायला घेतली तेव्हा ती दोन-अडीच फेरे सहज गेली आणि अडली. मिस्त्री म्हणाले, "बसायलंय की सर. गंज हाय थोडा, उरलेलं पान्यानं जातंय." पान्याने ते गेलेही. पाणी आले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही समाधानाने चहा प्यायलो.

अकराव्या दिवशी दांडा पुन्हा हलका झाला. या वेळी निसटलेल्या सळया, दट्ट्यासकट, बोअरच्या पाइपात खाली पडल्या होत्या. त्या काढायला वरून तीन-तीन मीटरचे दहा पाइप एकेक करून उपसावे लागले. हापशांची कामे करण्यात हयात घालवलेले एक मेकॅनिक त्यासाठी आले होते. त्यांनी तो लांब नट हातात घेतला, आत बोट फिरवले आणि म्हणाले, "हे चार सुती हाय, अन् सळई बाराची. ही सोयरीक जमायची न्हाई."

मिस्त्रींचा हात वाईट नव्हता. घाई आमचीच होती. पण त्या मेकॅनिकच्या एका वाक्यात जेवढे विज्ञान आणि जेवढा इतिहास आहे तो आपल्या वर्गात सांगण्याजोगा वाटला, म्हणून हा लेख.

आटा म्हणजे गुंडाळलेली उतरण

आठवीच्या वर्गात आपण उतरण शिकवतो. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा, पाया २० सेंटिमीटर आणि उंची ५ सेंटिमीटर. तो पेन्सिलीभोवती उंच बाजूकडून गुंडाळायला घ्या. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर नागमोडी चढत जाताना दिसेल. तोच आटा. जुन्या पुस्तकांत याला मळसूत्र म्हणत. एक पूर्ण फेरा झाल्यावर ही कड जेवढी पुढे सरकते त्या अंतराला कारखान्यात पिच म्हणतात. लगतच्या दोन आट्यांच्या शिखरांमधले अंतरही तेवढेच असते.

पंपाच्या सळईवरचा आटा 'एम १२' या नावाने ओळखला जातो. एम म्हणजे मेट्रिक, १२ म्हणजे बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये. पिच सांगितला नसेल तर तो नेहमीचा, जाड आट्याचा, १.७५ मिलिमीटर धरायचा. या आट्याची उतरण उलगडून पाहिली तर सुमारे ३४ मिलिमीटर आडवे जाताना ती अवघे १.७५ मिलिमीटर चढते. हा कोन सुमारे ३ अंशांचा होतो. आता एका लोखंडी पट्टीवर एक नट आडवा ठेवा आणि पट्टी एका बाजूने हळूहळू उचला. नट घसरायला लागेल तेव्हाचा कोन मोजा. तो ३ अंशांच्या कितीतरी पुढे असेल. म्हणूनच बोल्टवर कितीही ओढ बसली तरी नट स्वतःहून उतरणीवरून घसरत खाली येत नाही. घर्षण त्याला धरून ठेवते. हादरे बसू लागले की मात्र हे घर्षण क्षणाक्षणाला सुटते आणि नट कणाकणाने फिरतो. चेकनट, स्प्रिंग वॉशर या सगळ्या युक्त्या त्यासाठी.

आता चार सुतीकडे येऊ. मराठी सुतार-लोहारांच्या हिशेबात ८ सूत म्हणजे १ इंच. तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. आमच्या मिस्त्रींकडे होता तो अर्ध्या इंची व्हिटवर्थ डाय, इंचाला १२ आटे पाडणारा. त्याचा पिच २.१२ मिलिमीटर. आमची सळई १२ मिलिमीटरची, म्हणजे या डायला ०.७ मिलिमीटरने बारीक. त्यामुळे आटे पूर्ण उंचीचे पडलेच नाहीत, प्रत्येक आट्याचा माथा जवळजवळ चौथाईने कमी राहिला. तरी पिच एकच असल्यामुळे हा जोड निदान चालला असता.

खरी फसगत नटाच्या दुसऱ्या तोंडाला झाली. तिथे २.१२ पिचच्या नटात १.७५ पिचची सळई घातली गेली. सळई बारीक असल्यामुळे नटात थोडी ढिली जागा होती, आणि त्या ढिलाईने सुरुवातीचे दोन फेरे फरक पोटात घातला. पण दर आट्याला ०.३७ मिलिमीटरची चूक साठत जाते. तिसऱ्या आट्याला ती १ मिलिमीटरच्या पुढे जाते आणि नटातला आटा सळईच्या खाचेसमोर येण्याऐवजी तिच्या माथ्यासमोर येतो. इथे सळई अडते. हा अडथळा गंजाचा आहे असे वाटून आपण पाना लावतो, आणि पाना काय करतो, तर माथे खरवडून काढतो. बाहेरून जोड लांबलचक आणि मजबूत दिसतो. आत ओझे दोन अर्धवट आट्यांवर असते.

सहा मिलिमीटरचा बोल्ट या नटात घातला असता तर तो सरळ आरपार पडला असता आणि कोणी फसले नसते. जवळजवळ बसणारा आटा अजिबात न बसणाऱ्या आट्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो. हातपंपाची सळई निसटली तर गावाला दोन दिवस पाणी मिळत नाही; तीच गोष्ट गाडीच्या चाकाच्या किंवा झोपाळ्याच्या कडीच्या नटाची झाली तर परिणाम काय होईल ते सांगायला नको.

ओझे किती होते?

हा हिशेब नववी-दहावीच्या मुलांकडून करून घ्यावा. आपल्या खेड्यांत सर्वत्र दिसणाऱ्या 'इंडिया मार्क टू' पंपाच्या सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर असतो. (पाहा, अडीच इंच! इंच इथेही लपून बसला आहे.) त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१.७ चौरस सेंटिमीटर. पाणी ३० मीटर उचलायचे तर दट्ट्यावर सुमारे ९५ किलो पाण्याचा भार येतो. १२ मिलिमीटर जाडीच्या सळईचे वजन दर मीटरला सुमारे ०.९ किलो, म्हणजे ३० मीटरला साधारण २७ किलो. एकूण १२२ किलो. पंपाच्या दांड्याची तरफ एकास आठ आहे, त्यामुळे मुलाच्या हाताला ते १५ किलोच लागतात. सळयांच्या वरच्या जोडांना मात्र पूर्ण १२२ किलो पेलावे लागतात.

एम १२ आट्याचे ओढ सोसणारे क्षेत्रफळ ८४ चौरस मिलिमीटर धरतात. १२२ किलोचा भार म्हणजे सुमारे १२०० न्यूटन. भागाकार केला तर दर चौरस मिलिमीटरला १४ न्यूटन. साधे पोलाद कायमचे ताणले जायला २४० न्यूटनच्या आसपास लागतात. म्हणजे योग्य आट्यात सतरापट राखीव बळ आहे! मग आमचा जोड का तुटला? एक कारण वर सांगितलेच, ओझे दोन खरवडलेल्या माथ्यांवर होते. दुसरे कारण सवयीने विसरले जाते. मिनिटाला ४० वेळा दांडा हलला आणि पंप दिवसाला चार तास चालला तर ९,६०० हिसके होतात. अकरा दिवसांत एक लाखाच्या वर. तार एकदा वाकवून तुटत नाही, पण पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. आट्याच्या खाचेतही तेच होते.

जाता जाता एका गैरसमजाबद्दल. नट जितका लांब तितका जोड बळकट, असे सर्रास समजतात. चांगल्या जुळलेल्या नट-बोल्टमध्येही ओझे सगळ्या आट्यांवर सारखे वाटले जात नाही. पहिला आटाच सुमारे एक-तृतीयांश ओझे उचलतो, दुसरा त्याहून कमी, आणि सहाव्या-सातव्या आट्याला नावापुरतेच काम उरते. बोल्टच्या व्यासाएवढी आट्यांची पकड मिळाली की पोलादाच्या नटात पुढची लांबी फारशी उपयोगाची नसते.

पाइपावरचे आटे वेगळे का?

दुसऱ्यांदा पाइप उपसताना आमच्यातल्या एका गणिताच्या शिक्षकांनी सहज पट्टी लावली. सळईवर मेट्रिक आटे, पण पाइपावर इंचाला ११. एकाच पंपात दोन भाषा! मेकॅनिकना विचारले तर ते हसून म्हणाले, "पाइपाचं सगळं इंचातच असतंय, सर."

ते अगदी बरोबर होते. १ इंचापासून ६ इंचांपर्यंतच्या सगळ्या पाण्याच्या पाइपांवर, पाइप केवढाही असो, इंचाला ११ आटे असतात. भारत मेट्रिक झाला, पण पाइपांचे आटे झाले नाहीत. आपल्याकडेच असे घडले असेही नाही. आंतरराष्ट्रीय मानकानेही पाइपांसाठी हीच जुनी इंची आटे-पद्धत स्वीकारली आहे. जगभर जमिनीखाली पडलेले पाइप बदलणार कोण?

पण इथे आकार निवडण्यामागचा दुसरा मुद्दा आहे, आणि तो फार सुंदर आहे. आपल्या पंपाचा पाइप ३२ मिलिमीटरचा म्हणतात. त्याचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात ४२ मिलिमीटरच्या थोडा वर असतो आणि मध्यम जातीच्या पाइपाची भिंत ३.२ मिलिमीटर जाड. त्यावर इंचाला ११ चा आटा कोरला की खाच १.४८ मिलिमीटर खोल जाते. खाचेच्या तळाशी उरते तेवढीच, सुमारे १.५ मिलिमीटर भिंत. आता समजा, कोणी हुशारी करून म्हणाले, की पाइप ४२ चा आहे तर एम ४२ बोल्टचा नेहमीचा आटा पाडू या. त्याचा पिच ४.५ मिलिमीटर. खाच २.७६ मिलिमीटर खोल. खाली उरेल पाव मिलिमीटर, पोस्टकार्डाएवढी जाडी! आणि त्या पोस्टकार्डावर खालचे शंभर किलोंच्या आसपासचे पाइप, त्यातले पाणी आणि सिलिंडर लोंबकळत राहणार.

भरीव बोल्टला जाड आटा परवडतो. पोकळ नळीला परवडत नाही. नळीच्या भिंतीने आट्याची खोली ठरवायची असते.

हाच नियम अगदी वेगळ्या ठिकाणी दिसतो. आमच्या परिचयाचे एक निवृत्त जवान हा हिशेब ऐकून म्हणाले, की रायफलच्या नळीच्या तोंडावरही आटे असतात. तिथे धक्का किंवा झोत आवरणारे टोपण बसवतात. आम्ही आकडे शोधले. रशियन बनावटीच्या एकेएम रायफलच्या नळीच्या तोंडावर एम १४ चा आटा आहे, पण त्याचा पिच १४ च्या बोल्टसारखा २ मिलिमीटर नसून १ मिलिमीटर आहे. नळीच्या आतल्या खाचांपर्यंतचा व्यास ७.९ मिलिमीटर धरला तर भिंत ३ मिलिमीटर. २ च्या पिचने खाचेखाली १.८ मिलिमीटर पोलाद राहिले असते, १ च्या पिचने २.४ राहते. अमेरिकी एआर १५ रायफलचेही तसेच. तिथे अर्ध्या इंचाचा आटा आहे, पण जाड आट्याच्या १३ ऐवजी इंचाला २८. हापशाच्या पाइपात पाण्याचे वजन आहे, इथे जळत्या दारूच्या वायूचा दाब आहे. भिंत जपायची हे दोन्हीकडे सारखेच. शिवाय टोपणाचे भोक नळीच्या भोकाशी तंतोतंत एका रेषेत यावे लागते. आटा जवळजवळ बसणारा असेल तर टोपण किंचित तिरके बसते आणि गोळी त्याच्या कडेला घासते. आमच्या लांब नटात सळई तिरकी बसली होती, ती चूक इथे एका क्षणात जिवावर बेतेल.

एकेएमचे हे टोपण उलट्या आट्यांचे आहे आणि ते सुटू नये म्हणून शेजारी एक स्प्रिंगची खिटीही आहे. उलटे आटे पाहायला रायफलपर्यंत जायची गरज मात्र नाही. सायकलच्या डाव्या पेडलला ते असतातच. देगलूरच्या कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात मुलांना घेऊन जा. ऑक्सिजनच्या नळकांड्याचा जोड सुलट्या आट्यांचा आणि ॲसिटिलिनचा उलट्या आट्यांचा असतो. ॲसिटिलिनच्या नटाच्या कडांना खाचाही पाडलेल्या असतात. अंधारात, घाईत, चुकूनसुद्धा एकाचे दुसऱ्याला लागू नये म्हणून. इथे आटा निवडणाऱ्याने 'काय बसावे' याइतकाच 'काय बसू नये' याचा विचार केला आहे. आमच्या लांब नटाबाबत तो विचार कोणी केला नव्हता.

इतकी भानगड मुळात झाली कशी?

आटे पूर्वी ज्याचे त्याने पाडलेले असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे, आणि बऱ्याचदा एकाच कारखान्यातला नट त्याच्या स्वतःच्या बोल्टलाच बसे. म्हणून दोन्हींवर खुणा करून ठेवत. इंग्लंडमधल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू जमवले, त्यांची मापे काढली आणि १८४१ साली एक सर्वमान्य पद्धत सुचवली. आट्याच्या दोन बाजूंमधला कोन त्यांनी ५५ अंश ठेवला. हा आकडा कोणत्या सूत्रातून आलेला नाही. चालू असलेल्या आट्यांची ती ढोबळ सरासरी होती! सरासरी हा धडा गणितात शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. हेच व्हिटवर्थ पुढे रायफलीकडे वळले. त्यांच्या रायफलच्या नळीचे भोक षट्‍कोनी होते आणि १८६० साली विंबल्डनच्या नेमबाजीच्या स्पर्धेचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने याच रायफलीचा पहिला बार उडवून केले.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा मांडला. ६० अंश म्हणजे समभुज त्रिकोण. तो आखायला आणि तपासायला सोपा, आणि व्हिटवर्थच्या गोलसर माथ्यापेक्षा सपाट माथा पाडायलाही सोपा. युरोपात १८९८ मध्ये झ्युरिकच्या परिषदेने मेट्रिक आटा ठरवला, त्याचाही कोन ६० अंश. झाल्या तीन भाषा.

दुसऱ्या महायुद्धात याची किंमत कळली. ब्रिटनचे मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेतल्या पॅकार्ड कारखान्यात बनवायचे ठरले, तेव्हा त्या अमेरिकी कारखान्याला ब्रिटिश आटे पाडावे लागले आणि त्यासाठीचे टॅपही स्वतःच घडवावे लागले. युद्ध संपल्यावर नोव्हेंबर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये एका सामाईक इंची आट्यावर सह्या केल्या. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात आपला हा भाग निजामाच्या राजवटीतून भारतात आला, हा निव्वळ योगायोग.

आपल्याकडे रेल्वे आणि गिरण्यांबरोबर व्हिटवर्थ आले होते आणि ते सुतार-लोहारांच्या सुताशी बेमालूम मिसळून गेले, कारण इंचाचे आठ भाग दोघांनाही चालत. १९५६ च्या कायद्याने देश मेट्रिक झाला, १९६० च्या दशकात आट्यांचे भारतीय मानकही मेट्रिक झाले. पण दुकानातल्या पेटीतले डाय आणि टॅप कायद्याने बदलत नाहीत. बाप निवृत्त होतो तेव्हा ती पेटी मुलाकडे जाते. आमच्या मिस्त्रींचा चार सुती डाय असाच वडिलांकडून आलेला होता, आणि तो उत्तम स्थितीत होता, हीच तर पंचाईत.

हापशाने निवड कशी केली

आता मराठवाड्याकडे परत. देगलूर-बिलोलीच्या बाजूला बेसाल्टचा थर संपून ग्रॅनाइट उघडा पडतो. दोन्ही खडक कठीण, पाणी त्यांच्या भेगांत. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास अशा कठीण खडकात वेगाने बोअर घेणारी यंत्रे आली, बोअरवर पंप बसले, आणि पंप भराभर बंद पडू लागले. ते बिडाचे होते आणि एका घरापुरत्या वापरासाठी योजलेल्या पंपांच्या धर्तीवर ओतलेले होते. इथे त्यांच्यावर अख्खे गाव हात टाकत होते. १९७४ च्या सुमारास युनिसेफने केलेल्या पाहणीत चारांपैकी तीन पंप बंद आढळले.

सुधारणेची वाट आपल्याच भागातून निघाली, याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो. जालन्याच्या मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामात पोलादी, एकाच खुंटीवर फिरणाऱ्या दांड्याचा 'जालना पंप' तयार झाला. सोलापूरला त्यात आणखी सुधारणा झाल्या. दांड्याला साखळी जोडलेला, बंद बेअरिंगवर फिरणारा 'सोलापूर पंप' हाच पुढच्या पंपाचा पाया ठरला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या सहभागाने त्यातून 'इंडिया मार्क टू' आकाराला आला आणि १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक प्रसिद्ध झाले.

या पंपाचा आराखडा कोणा एकाच्या मालकीचा ठेवला नाही. देशात अनेक ठिकाणी, साध्या कारखान्यांतही तो बनावा अशी कल्पना होती. मग एका कारखान्याची सळई दुसऱ्याच्या सळईला बसलीच पाहिजे, नाहीतर जालन्याचा सुटा भाग देगलूरला कुचकामी. म्हणून प्रत्येक आटा गेजवर तपासायचा: गेजचे एक तोंड आट्यावर गेलेच पाहिजे, दुसरे जाताच कामा नये. दोन्हींच्या मध्ये जे सापडते ते पास.

सळईसाठी एम १२ चा जाड आटाच का घेतला? १.२५ पिचचा बारीक आटाही असतो आणि त्याचे ओढ सोसणारे क्षेत्रफळ ९२ चौरस मिलिमीटर आहे, म्हणजे तो नऊ टक्के बळकट. कागदावर तोच निवडावा. पण वर पाहिलेच, बळ सतरापट आहे, नऊ टक्क्यांची इथे गरज कोणाला? जाड आट्यात वाळूचा कण अडकला तरी तो पुसून काढता येतो. बोअरच्या तोंडावर वाकून, ओल्या हातांनी, लोंबकळणारी सळई जुळवताना जाड आटा तिरका चढण्याची शक्यता कमी. आणि सर्वांत मुख्य म्हणजे त्याचा डाय कुठेही मिळतो. पंप दुरुस्तीच्या ठरलेल्या हत्यारांच्या पेटीत, पाइप उचलायच्या पान्यांबरोबर आणि सळई धरायच्या शिकंजाबरोबर, एम १२ चा डायही असतो. आमच्या मेकॅनिकच्या सायकलला लटकलेल्या पिशवीत तो होताच. आम्ही पहिल्याच दिवशी त्यांची वाट पाहिली असती तर पाइप उपसायची वेळ आली नसती.

वर्गात करून पाहण्यासाठी

गावातल्या सायकलच्या, मोटारींच्या आणि पाइपांच्या दुकानांतून मोडीतले नट-बोल्ट मागून आणा. कोणी नाही म्हणत नाही. मुलांना गटांत बसवून प्रत्येक बोल्टवर सलग १० पिच मोजायला सांगा. पहिल्या शिखरावर पट्टीचा शून्य ठेवायचा आणि तिथपासून अकराव्या शिखरापर्यंतचे अंतर वाचायचे. इथे बरीच मुले दहाव्या शिखरावर थांबतात. त्यांना थांबू द्या आणि मग कुंपणाचे खांब व त्यांमधल्या गाळ्यांचे कोडे घाला. एम १२ वर हे अंतर साडेसतरा मिलिमीटर भरते, अर्ध्या इंची व्हिटवर्थवर २१ च्या वर, आणि अर्ध्या इंची अमेरिकी जाड आट्यावर साडेएकोणीस. साधी कंपासपेटीतली पट्टी पुरते. व्यास मात्र पट्टीने कळणार नाही. १२ आणि १२.७ मधला फरक दाखवायला प्रयोगशाळेतला व्हर्निअर काढा. तो वर्षभर कपाटात असतो, त्याला खरे काम मिळेल. पट्टीने एक पिच मोजला तर सगळे बोल्ट सारखेच दिसतात आणि दहा मोजले की वेगळे होतात, हेही मुलांकडून वदवून घ्यावे. दोलकाच्या प्रयोगात वीस आंदोलने का मोजतो, ते मग वेगळे समजावावे लागत नाही.

बोल्ट कमी पडले तर कागदावर पेन्सिलीने काजळी धरावी आणि बोल्ट त्यावरून दाबून लोटावा. आट्यांच्या रेघा कागदावर उमटतात, त्या मोजायला आणखी सोप्या. हाताने नट फिरवून पाहताना मात्र एक नियम कडक पाळायला लावा: नट अडला तर थांबायचे, उलटा फिरवायचा आणि पिच मोजायचा. पाना त्या दिवशी वर्गात आणायचाच नाही.

आमच्या त्या शाळेत मेकॅनिकनी जाताना आपल्या पिशवीतला एक नवा एम १२ नट काढून दिला. मुख्याध्यापिका बाईंनी त्याला लाल रंग लावून सुतळीने हापशाच्या जवळच्या खिडकीला बांधला आहे. सळईला कोणी हात लावायचा असेल तर आधी तो नट हाताने तिच्यावर शेवटपर्यंत चढला पाहिजे. चार सुती लांब नट विज्ञानाच्या कपाटात आहे. त्याच्या एका तोंडाचे आटे धारदार आहेत आणि दुसऱ्या तोंडाचे पहिले तीन चपटे झालेले, बोट फिरवले की लगेच कळतात.